भरदार सिगार चाखण्याची रीत : खाडीकाठच्या दमट हवेत पारख कशी करायची

जुलैच्या संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीच्या गॅलरीत कुणीतरी महागाचा 'फुल-बॉडीड', म्हणजे भरदार, सिगार पेटवतो. तो दोनदा विझतो, एकाच बाजूने जळत जातो, शेवटी कडू लागतो आणि निकाल लागतो की हा सिगारच वाईट. आपल्याकडे असे निकाल फार लागतात. त्यातले बरेच तंबाखूचे नसतातच. ते पानात मुरलेल्या ओलाव्याचे आणि घाईने ओढल्यामुळे वाढलेल्या आचेचे असतात. ठाणे काय आणि नवी मुंबई काय, दोन्ही खाडीला लागून. पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात, आणि लगेच शेजारच्या खोलीत एसी लावून ती निम्म्यावर. सिगारला हवी ६५ ते ६९ टक्के. म्हणून आधी ओलावा आणि आच ताब्यात घ्यायची, मग तंबाखूला गुण द्यायचे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. सिगारचा धूर फुफ्फुसात घ्यायचा नसतो, पण म्हणून तो निर्धोक होत नाही. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न घेताही राहतो. मोठ्या सिगारमध्ये ५ ग्रॅमपासून १५ ग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्त तंबाखू असते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. ज्यांना तंबाखूची सवय नाही त्यांनी पारख शिकायची म्हणून सुरुवात करू नये. जे ओढतात त्यांनी एका बैठकीत एकच, आणि बैठकांमध्ये भरपूर अंतर.

भरदार म्हणजे नेमकं काय

'फुल-बॉडीड' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. त्या सोडवल्याशिवाय पारख पुढे सरकत नाही.

पहिली ताकद. म्हणजे निकोटिन किती आहे, डोक्यात आणि पोटात किती जाणवतं. दुसरा दाटपणा. धूर तोंडात किती वजनदार वाटतो, जिभेवर पसरतो की निसटून जातो. टोन्ड दूध आणि म्हशीचं निरसं दूध दोन्ही एकाच तापमानाला पिऊन बघा. चवीत फरक थोडा, पण तोंड भरण्यात फरक मोठा. 'बॉडी' म्हणतात ती हीच. तिसरा चवीचा ठसा, म्हणजे वास-चवी किती ठळक आहेत. सिगार दाट असून ताकदीला मध्यम असू शकतो. उलट, ताकदीला जबर आणि चवीला पोकळ असलेलेही सिगार मिळतात. तेच बहुतेकांना फसवतात, कारण चक्कर आली की माल 'कडक' आहे असं वाटतं. वहीत या तिन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा.

ताकद कुठून येते ते रोपावर दिसतं. तंबाखूच्या रोपाच्या खालच्या पानांना वोलाडो म्हणतात. ती पातळ, नीट जळणारी. मधली सेको, त्यांत वास जास्त. वरची लिगेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं, ती जाड, तेलकट, निकोटिनने भरलेली आणि सावकाश जळणारी. भरदार सिगारच्या आतल्या भरणीत, म्हणजे फिलरमध्ये, लिगेरोचं प्रमाण जास्त असतं. लिगेरो सावकाश जळते म्हणून ती बरोबर मधोमध बसवावी लागते. वळणाऱ्याच्या हातून ती कडेला सरकली, तर एक बाजू मागे राहते आणि दुसरी होडीसारखी खोल जळत जाते. म्हणजे होडीसारखं जळणं हा कधी वळणीचा दोष असतो आणि कधी तुमच्या पेटवण्याचा. दोन्ही वेगळे ओळखायचे, ते पुढे येईलच.

रंगावरून ताकद ठरवू नका. सर्वांत बाहेरचं पान, रॅपर, काळपट असलं म्हणजे सिगार जबर, हा समज अगदी पक्का बसलेला आहे. मादुरो रॅपर काळा होतो तो लांबलेल्या, जास्त उष्ण आंबवणीमुळे, आणि त्याने चवीला बहुधा गोडवाच येतो. काकवीसारखा, काळ्या मनुकांसारखा. इक्वाडोरमध्ये पिकलेलं मध्यम तपकिरी, हबानो जातीचं रॅपर निकारागुआच्या एस्तेलीतल्या फिलरवर चढवलं, तर दिसायला सौम्य सिगारसुद्धा मादुरोपेक्षा जास्त घाम काढतो.

परीक्षेसाठी आकार रोबुस्तो घ्या. साधारण ५ इंच लांब आणि ५० रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाच्या ६४ भागांतले भाग. ५० म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाडी. हा ४५ ते ६० मिनिटं चालतो. ६० गेजचे जाडजूड सिगार पारखायला अवघड, कारण त्यात फिलर वाढतो आणि रॅपरची चव त्याखाली दबते.

परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस

दुकानातून आणलेला सिगार त्याच दिवशी पारखायचा नाही. प्रवासात आणि काउंटरवर त्यावर काय गुजरलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. किमान दोन आठवडे, शक्य असेल तर चार, तो आपल्या डब्यात स्थिरावू द्या.

डबा लाकडीच हवा असं नाही. आमचं मत उलट आहे: खाडीकाठच्या हवेत नक्षीदार लाकडी ह्युमिडॉरपेक्षा, म्हणजे सिगार साठवायच्या पेटीपेक्षा, सिलिकॉनची कड असलेला, चार बाजूंनी क्लिप बसणारा स्वयंपाकघरातला हवाबंद डबा जास्त भरवशाचा. लाकडी पेटीचं झाकण किंचित जरी सैल असलं, तर पावसाळाभर बाहेरचा दमटपणा आत झिरपत राहतो. डबा नवा घ्या. ज्यात मसाला किंवा लोणचं ठेवलं होतं तो कितीही घासला तरी चालत नाही, तंबाखू वास शोषून घेते. त्याच कारणाने तो कपाटात डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका.

आत आर्द्रता राखणारी दुहेरी पिशवी ठेवा. बोवेडा हे त्यातलं सर्रास मिळणारं नाव. ही पिशवी हवा कोरडी असेल तर ओल देते आणि दमट असेल तर ओढून घेते. २५ सिगारांमागे ६० ग्रॅमची एक पिशवी पुरते. आपल्या हवेत भरदार सिगारसाठी ६५ टक्क्यांची पिशवी घ्या, ६९ ची नको. लिगेरो जाड असते, तिच्यात जास्तीची ओल राहिली की ती धुमसते आणि कडवट होते. पावसाळ्यात डबा रोज उघडून बघायची सवय मोडा. दर वेळी बाहेरची हवा आत शिरते आणि पिशवी ती शोषत शोषत टम्म फुगते. अशी फुगलेली पिशवी काम करत नाही. हाताला कडक, खडीसाखरेसारखी लागायला लागली तर ती सुकलेली आहे, तीही बदला.

आत ठेवायचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, खरं बोलतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा, त्यात थेंब थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते बूच आणि हायग्रोमीटर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून आठ तास, शक्यतो रात्रभर, हलवू नका. बंद जागेत ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. काटा ७१ दाखवत असेल तर तुमचा मीटर ४ ने कमी बोलतो; तेवढे मिळवून वाचा. स्वस्त काट्याच्या मीटरात दहा टक्क्यांची चूक सहज निघते, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

सिगार खरोखर स्थिरावला का, याची सगळ्यात चांगली खूण वजन. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा कुठेही मिळतो. आठवड्यातून दोनदा तोच सिगार तोला. ओला आला असेल तर वजन उतरत जाईल, कोरडा आला असेल तर चढेल. दहा दिवसांत तोच आकडा दोन-तीनदा आला की तो तयार झाला. बोटाने दाबून अंदाज घेणाऱ्या जाणकाराचीही चूक काटा दाखवून देतो.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. तंबाखूतला भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, उबदार हवेत अंड्यातून बाहेर येतो. डब्यातलं तापमान २४-२५ अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलं की धोका सुरू होतो, आणि दिवसभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये ते सहज तिशी ओलांडतं. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली तपकिरी भुकटी दिसली तर तो सिगार फेका. बाकीचे दोन झिपवाल्या पिशव्यांत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि शेवटी पिशवी न उघडता बाहेर. थेट फ्रीझरमधून बाहेर काढले तर रॅपर तडकतं.

पावसाळ्यात रॅपरवर केसाळ पांढरे, निळसर किंवा हिरवट ठिपके आले तर ती बुरशी. पेटवायच्या टोकावर आतल्या पानांत ती दिसली की तो सिगार गेला, पुसून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

दिवस, जागा आणि जीभ

सर्वांत स्वच्छ जीभ सकाळी, पोटभर नाश्त्यानंतर तासाभराने असते. भरदार सिगार उपाशीपोटी कधीही नाही. नाश्ता सौम्य हवा: उपमा, घावन, तूप-मेतकूट भात. मामलेदारची मिसळ खाऊन लगेच सिगार पारखायला बसाल, तर तर्रीचा झणका आणि सिगारमधला मिरीचा झणका वेगळे ओळखूच येणार नाहीत. मध्ये किमान दोन-अडीच तास जाऊ द्या. सोलकढीतला लसूण आणि कोकमाचा आंबटपणाही जिभेवर रेंगाळतो. पारखताना सोबत फक्त साधं पाणी किंवा साधा सोडा. कोरी कॉफी आणि रम भरदार सिगारला शोभतात हे खरं, पण ती मौजेच्या दिवशी. परीक्षेच्या दिवशी त्या चवी सिगारच्या खात्यात जमा होतात.

वर्षात उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. जागा अशी निवडा जिथे हवा खेळती आहे पण झोत नाही. नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकडे तोंड असलेल्या उंच गॅलऱ्यांमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सरळ आत येतो; वाऱ्याकडची बाजू भरभर जळते आणि धूर तापतो. पंखा बंद. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासून तिचे नियम कडक झाले आहेत. सोसायटीचा जिना, लॉबी, लिफ्टसमोरची जागा वापरू नका. गॅलरीतला धूर वरच्या घराच्या खिडकीत जातो, तिथे लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर दुसरी जागा शोधा.

आता खास आपल्याकडची अडचण. एसी खोलीत २४ अंशांवर ठेवलेला सिगार पावसाळ्यात गॅलरीत नेला, बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. सिगार त्याहून थंड आहे, म्हणजे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी सुटतं तसंच, डोळ्याला न दिसणारं, त्याच्या रॅपरवर सुटतं. रॅपर कागदाहून थोडंच जाड. ते ओल पिऊन फुगतं, आतला भाग फुगत नाही, आणि पेटवल्यावर दहाव्या मिनिटाला लांब उभी चीर पडते. उपाय सोपा आहे. सिगार झिपवाल्या पिशवीत बंद ठेवूनच अर्धा तास गॅलरीत ठेवा. तो बाहेरच्या तापमानाला आला की मग पिशवी उघडा. उलट दिशेनेही तेच: एसीत सिगार उघडा ठेवून गप्पा मारत बसू नका, ५० टक्के आर्द्रतेत रॅपर तासाभरात ठिसूळ होतं.

हातात घेतल्यावर

पट्टी, म्हणजे बँड, शक्य असेल तर दुसऱ्याकडून आधीच काढून घ्या. नाव माहीत नसलं की जीभ प्रामाणिक राहते. पट्टीचा गोंद घट्ट असेल तर ओढू नका, सिगार पेटून गरम झाल्यावर ती सुटते.

अंगठा आणि तर्जनीने पेटवायच्या टोकापासून तोंडाच्या टोकापर्यंत हलकेच दाबत जा. किंचित दबून परत वर यायला हवा. चुरचुर ऐकू आली तर कोरडा, स्पंजसारखा दबून राहिला तर ओला. एकाच जागी गाठ लागली तर तिथे धूर अडणार, पोकळ लागली तर तिथे तो भडकून जळणार. दोन्ही जागा वहीत लिहून ठेवा, कारण पुढे जळण बिघडलं तर कारण इथेच सापडतं.

मग वास. रॅपरचा वेगळा आणि पेटवायच्या टोकाचा वेगळा. चांगल्या आंबवलेल्या भरदार पानाला गोठ्याचा, सुक्या गवताच्या गंजीचा, नव्या कोल्हापुरी चपलेचा वास येतो. यात वाईट काही नाही, हेच हवं. नाकाला झोंबणारा अमोनियाचा, साफ न केलेल्या मुतारीसारखा वास आला तर तंबाखू अजून कच्ची आहे. आंबवणीतला अमोनिया पूर्ण निघून गेलेला नाही. असा सिगार तीन-चार महिने डब्यात ठेवा आणि नंतरच निकाल द्या.

कापणं. तोंडाच्या टोकावर पानाची टोपी चिकटवलेली असते. जिथे गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो ती रेषा ओलांडायची नाही. ओलांडलीत तर टोपी निसटते आणि रॅपर उलगडत जातं. वरून दीड-दोन मिलिमीटर पुरे. हात थरथरत असेल तर दोन पात्यांचा कटर टेबलावर आडवा ठेवा, सिगारचं डोकं वरून त्यात टेकवा आणि एका झटक्यात कापा. टेबलामुळे जास्त खोल जाताच येत नाही. बारीक भोक पाडणारा पंच भरदार सिगारला नको. सगळा धूर एका छोट्या छिद्रातून येतो, धुरातलं चिकट डांबर (टार) तिथेच साठतं आणि दुसऱ्या टप्प्यापासून जिभेवर कडू थेंब पडायला लागतात.

न पेटवता चार-पाच वेळा हवा ओढा. ओढ कशी हवी? लस्सी जाड स्ट्रॉने ओढतो तेवढा हलका प्रतिकार. उसळून हवा आली तर भरणी सैल, गालात खड्डे पडले तर आवळलेली. याच थंड ओढीत कोको, सुकी खारीक, मिरी असं काही जाणवतं. लिहून ठेवा, पेटल्यावर त्यातलं काय टिकतं ते बघायचं आहे.

पेटवणं

ब्युटेन गॅसचा लायटर किंवा लांब लाकडी काडी. पेट्रोलवर चालणारा वातीचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या झुरक्यांत बसतो. काडी असेल तर तिच्या टोकाचं गंधक पूर्ण जळू द्या, मग सिगारजवळ न्या.

सिगार तोंडात न धरता ४५ अंशांत तिरपा धरा. ज्योत टोकाला टेकवायची नाही, सेंटिमीटरभर खाली ठेवायची आणि सिगार फिरवत राहायचं. पापड निखाऱ्यावर भाजताना जसा हात फिरता ठेवतो तसा. पंधरा-वीस सेकंदांत कडेचं वर्तुळ काळं होऊन आत लाली धरायला लागते. आता तोंडात धरा, फिरवत तीन-चार हलके झुरके घ्या, मग टोकावर फुंकर मारून बघा. निखारा सगळीकडे सारखा लाल हवा. एखादा भाग काळा असेल तर तेवढ्यालाच ज्योत दाखवा. इथे घालवलेला एक मिनिट पुढची वीस मिनिटं वाचवतो.

आता कळीचा प्रश्न: होडीसारखं जळायला लागलं तर दोष कुणाचा? पहिल्या दीड सेंटिमीटरमध्ये वाकडं झालं आणि एकदा ज्योत दाखवल्यावर सरळ झालं, तर तो पेटवण्याचा किंवा वाऱ्याचा दोष. गुण कापू नका. दोनदा दुरुस्त करूनही तीच बाजू पुन्हा मागे पडली, तर लिगेरो कडेला बसली आहे. तो वळणीचा दोष, गुण कापा.

चाखणं

मिनिटाला एक झुरका, दोन-तीन सेकंदांचा. यापेक्षा भरभर ओढलं की आच वाढते आणि कितीही उत्तम पान जळक्या रबरासारखं लागतं. घड्याळ समोर ठेवा, पहिल्या काही सिगारांना तरी. तोंडाचं टोक ओलं करू नका. लाळेने टोपी सुटते.

पहिली पाच मिनिटं गुण देऊ नका. भरदार सिगार, विशेषतः निकारागुआचा, सुरुवातीला काळ्या मिरीचा तडाखा देतो आणि जीभ थोडा वेळ बधिर होते. तो ओसरला की खरी परीक्षा सुरू.

जिभेला कळतात त्या चवी मोजक्या: गोड, आंबट, खारट, कडू आणि भाज्या-मांसाच्या रश्शातली ती भरीव चव, जिला उमामी म्हणतात. बाकी सगळं नाकाचं काम. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून एक झुरका घ्या, धूर तोंडाने सोडा, आणि मग नाक सोडा. नाक बंद असताना फक्त कडू-गोड आणि झोंबणं कळत होतं. नाक सोडल्याबरोबर कॉफी, लाकूड, माती असं सगळं येऊन दाखल होतं.

म्हणूनच थोडा धूर नाकातून सोडायला शिकावं लागतं. आधी छातीत साधी हवा भरून घ्या. मग झुरका तोंडातच ठेवा, तीन-चतुर्थांश धूर तोंडाने सोडून द्या, ओठ मिटा आणि उरलेल्या धुरासह सावकाश नाकाने श्वास बाहेर सोडा. त्या क्षणी श्वास आत घ्यायचा नाही. चूक होते ती इथेच, आणि मग ठसका लागतो. भरदार सिगारमध्ये पाच झुरक्यांत एकदा पुरे. प्रत्येक झुरका नाकातून काढलात तर पंधरा मिनिटांत नाक थकतं आणि सगळंच मिरी लागतं.

चवींना नावं देण्यासाठी परदेशी यादी पाठ करायची गरज नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसा. वेगवेगळ्या वाट्यांत काळी मिरी आणि पांढरी मिरी भरडून, दालचिनी, लवंग, जायफळ, भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, कॉफीची पूड, कोको, काकवी, काळे मनुके, खारीक. डोळे मिटून, कुणालातरी वाट्या बदलायला सांगून, एकेकाचा वास घ्या. काळी मिरी समोर झोंबते, पांढरी मिरी थोडी गोठ्यासारखी, मागून येते. दालचिनी गोड आणि कोरडी, लवंग जिभेला बधिर करणारी. भाजलेलं खोबरं आणि भाजलेले शेंगदाणे यांतला फरक एकदा नाकात बसला, की सिगारमध्ये 'भाजकं काहीतरी' असं मोघम लिहायची वेळ येत नाही. ही तासाभराची तयारी महागड्या कटरपेक्षा जास्त कामाची आहे.

सिगार तीन टप्प्यांत चाखा आणि प्रत्येक टप्प्याला वहीत दोन ओळी. पहिल्यात तंबाखूची ओळख होते. मधला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. इथे चवी एकमेकींत मिसळतात, गोडवा वर येतो, आणि दाटपणा खरा किती ते कळतं. सिगार बदलतो का, की पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत एकच सूर लावतो, हेही इथेच ठरतं. एकसुरी असणं हा आपोआप दोष नाही. तो एकच सूर चांगला असेल तर तसं लिहा. शेवटच्या टप्प्यात निखारा तोंडाजवळ येतो, डांबर आणि निकोटिन साठतं, धूर तापतो. इथे झुरक्यांमधलं अंतर दीड मिनिटावर न्या.

प्रत्येक टप्प्यात एकदा 'शेवट' मोजा: धूर सोडल्यावर चव किती सेकंद टिकते आणि ती टिकणारी चव हवीशी आहे का. भरदार सिगारची अर्धा ते एक मिनिट टिकते. लांब टिकणारा कडवटपणा हा लांब शेवट म्हणून गुणात धरू नका.

राख दोन-अडीच सेंटिमीटर झाली की ट्रेच्या कडेला टेकवून फिरवा, ती आपण पडते. झटकू नका. घट्ट राख लांब पानांच्या भरणीची खूण आहे, पण ती पांढरी की करडी यावरून चव ठरत नाही.

बिघडतं तेव्हा

ओढ मध्येच अडली तर पानांची गाठ असेल. सिगारच्या सुईने मधोमध एकदाच खोल भोक करा, बाजूने नको. विझला तर राख झाडा, आतला शिळा धूर हलक्या फुंकरीने बाहेर काढा आणि पुन्हा पेटवा. तासाभरात पेटवलेला चालतो, दुसऱ्या दिवशीचा नाही. अचानक कडू लागला तरी हीच फुंकर: सिगार तोंडात धरून दोन-तीन सेकंद उलट फुंका, एक मिनिट थांबा. कडवटपणा गेला तर दोष आचेचा होता. नाही गेला तर पानाचा. आत पोकळ जळत गेला आणि बाहेरचं पान तसंच राहिलं, तर बहुधा रॅपर दमट आहे. डब्यातले बाकीचे आणखी आठवडाभर ठेवा. रॅपरला छोटी चीर पडली तर ती खाली धरून सावकाश ओढत राहा. चीर झाकायला थुंकी लावू नका.

घाम फुटला, हात गार पडले, मळमळलं, तर तो निकोटिनचा भार आहे. सिगार खाली ठेवा. उरलेला 'वाया जाईल' म्हणून ओढू नका. पाय पसरून बसा, गार पाणी प्या, गुळाचा खडा किंवा चमचाभर साखर चघळा. हळूहळू उतरतं. उतरेपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊ नका. वहीत ताकदीच्या रकान्यात वेळ लिहा: किती मिनिटांनी जाणवायला लागलं.

गुण

शंभरातले गुण असे वाटावेत: दिसणं आणि वळणी १०, ओढ आणि जळण २५, वास-चव ४०, दाटपणा आणि तोल १५, शेवट १०. ताकदीला गुण नाहीत. ती फक्त नोंदवायची, कमी-जास्त हा आवडीचा भाग आहे. तोल म्हणजे कडू, गोड, तिखट यांतली एकही बाकीच्यांवर चढून बसत नाही ना. चांगल्या भरदार सिगारची खरी ओळख आमच्या मते तोलातच आहे, कारण जोर आणणं सोपं, लिगेरो वाढवली की येतो. तो जोर असताना गोडवा टिकवणं अवघड.

आधी शब्द लिहा, आकडे शेवटी. आकडा आधी सुचला की शब्द त्याला जुळवून घेतले जातात.

चार-पाच सेंटिमीटर उरले की थांबा. चिरडू नका, ट्रेमध्ये पडू द्या, तो आपोआप विझतो. चिरडल्यावर जो आंबट उग्र वास सुटतो तो पडद्यांना दोन दिवस राहतो. पूर्ण थंड झाला की पाणी शिंपडून घराबाहेरच्या कचऱ्यात.

एका सिगारवर निकाल देऊ नका. त्याच खोक्यातला दुसरा निदान दोन आठवड्यांनी, तशाच नाश्त्यानंतर, त्याच वेळी, पहिल्या नोंदी न वाचता. दोन्हींचे गुण पाचाच्या आत जुळले तर तो आकडा त्या सिगारचा. जास्त फरक पडला तर आधी दोन्ही दिवसांचा डब्यातला ओलावा आणि बाहेरची हवा ताडून बघा, आणि मग तिसरा पेटवा.